गप्प यंत्राची साक्ष

हैदराबादच्या कुकटपल्ली उपनगरात नवा फ्लॅट ताब्यात आला की पहिल्याच आठवड्यात भिंतींना भोके पडू लागतात. टीव्हीची चौकट, पडद्यांचे दांडे, स्वयंपाकघरातली फळी आणि देव्हारा. जुन्या वळणाचा सुतार भिंतीवर बोटांची पेरे वाजवून आवाजावरून अंदाज घेतो. अलीकडे एखाद्याच्या पिशवीत वीतभर लांबीचा मेटल डिटेक्टरही दिसतो. तो गिलाव्याला टेकवून सावकाश सरकवायचा आणि जिथे वाजेल तिथे पेन्सिलीने फुली मारायची. यंत्राचे नाव धातू शोधणारे, पण भिंतीपाशी उभ्या असलेल्या माणसाला धातू नकोच असतो. गुप्तधनाच्या मागे लागलेला आवाजाची वाट पाहतो. भोक पाडणारा मात्र यंत्र कुठे गप्प राहते ते शोधत असतो, आणि तिथेच ड्रिल टेकवतो. इथे वायर नाही, सळई नाही, पाइप नाही, या ‘नाही’वर त्याचा सगळा भरवसा. हा भरवसा कशाच्या जोरावर? एखादी गोष्ट सापडली नाही, एवढ्यावरून ती नाहीच असे केव्हा म्हणता येते? प्रश्न सुताराचा वाटतो खरा. पण देव आहे की नाही या जुन्या भांडणात आस्तिक आणि नास्तिक दोघेही जिथे घसरतात ती जागा हीच.

आवाजाचा उलगडा त्या मानाने सोपा आहे. यंत्राच्या तोंडाशी तांब्याच्या तारेचे वेटोळे असते, त्यातून सतत दिशा बदलणारा प्रवाह वाहतो आणि भोवतीचे चुंबकीय क्षेत्र हेलकावत राहते. जवळ धातू आला की त्यात भोवऱ्यासारखे छोटे प्रवाह उठतात, त्यांचे स्वतःचे क्षेत्र तयार होते आणि वेटोळ्याला ती ढवळाढवळ जाणवते. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेल्या विद्युतप्रवर्तनाचाच हा घरगुती अवतार. म्हणजे यंत्र धातू ‘पाहत’ नाही. धातूमुळे झालेला परिणाम त्याला कळतो आणि त्यावरून आपण धातूकडे जातो. न्यायशास्त्र ज्याला अनुमान म्हणते ते हेच. मूळच्या तेलुगू मुलखातल्या अन्नंभट्टाने सतराव्या शतकात ‘तर्कसंग्रह’ लिहिला, आणि संस्कृत पाठशाळेत पाऊल टाकणारा मुलगा आजही त्यातला डोंगर, धूर आणि अग्नी घोकतो. डोंगराच्या जागी भिंत ठेवा, धुराच्या जागी आवाज आणि अग्नीच्या जागी सळई. जिथे धूर तिथे अग्नी या अतूट साहचर्याला नैयायिक व्याप्ती म्हणतात. यंत्र बनवणाऱ्याने ती व्याप्ती हजारदा तपासून डबीत बंद करून विकली आहे, इतकाच फरक.

शांततेचे मात्र तसे नाही. धूर दिसला नाही म्हणून अग्नी नाही असे कोणी म्हणू लागला, तर पाठशाळेतला मुलगाही त्याला लाल झालेला लोखंडाचा गोळा दाखवील: अग्नी आहे, धूर नाही. मग ‘टेबलावर घागर नाही’ हे आपल्याला इतके निःशंकपणे कसे कळते? मीमांसक कुमारिल भट्टांनी त्यासाठी अनुपलब्धी (न आढळणे) नावाचे स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधनच मानले. बौद्ध धर्मकीर्तीने ते स्वतंत्र मानले नाही, अनुमानातच घातले. पण एका अटीवर दोघांचा मेळ बसतो. वस्तू तिथे असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी: उजेड हवा, डोळे धड हवेत, आणि मुळात ती वस्तू दिसण्याजोगी हवी. या ‘जोगेपणा’ला शास्त्रात योग्यता म्हणतात. अंधाऱ्या खोलीत घागर दिसली नाही तर ती नाही असे ठरत नाही. लख्ख उजेडात पिशाच दिसले नाही तरीही तेवढ्यावरून काही ठरत नाही, कारण पिशाच मानणाराच ते दिसण्याजोगे नाही असे आधी सांगून मोकळा झालेला असतो.

कुकटपल्लीच्या भिंती ही अट रोज शिकवतात. आंध्र प्रदेश हाउसिंग बोर्डाने ऐंशीच्या दशकात केपीएचबी कॉलनी वसवायला घेतली त्या काळच्या घरांत पाणी जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपातून यायचे. यंत्र तिथे खणखणीत वाजते. आजच्या इमारतीत पाणी सीपीव्हीसीच्या, म्हणजे प्लास्टिकच्या पाइपातून येते. बाथरूमच्या भिंतीवर यंत्र अगदी गप्प, सुतार निर्धास्त, आणि ड्रिल थेट पाइपात. यंत्र खोटे बोलले का? मुळीच नाही. त्याला धातूबद्दल विचारले होते, त्याने धातूबद्दल उत्तर दिले. ‘इथे काही नाही’ हे वाक्य ऐकणाऱ्याने आपल्या पदरचे घातले. कॉलमच्या सळईवर नियमाप्रमाणे चाळीस मिलिमीटर काँक्रीट असते, वरून गिलावा. तेवढ्या खोलीपर्यंत यंत्र पोचत नसेल तर सळईबाबतही त्याचे मौन बिनकामाचे. गप्प यंत्राची साक्ष नोंदवताना त्याला काय ऐकू येते आणि किती लांबचे ऐकू येते, हे आधी लिहून घ्यावे लागते.

या अटीचा सर्वांत करुण दाखला अमेरिकेत घडला. २ जुलै १८८१ रोजी राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली आणि ती पाठीत अडकली. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षे होती. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी धातू हुडकणारे यंत्र घाईघाईने तयार केले, यादवी युद्धातल्या ज्या सैनिकांच्या अंगात गोळ्या राहून गेल्या होत्या त्यांच्यावर तपासले आणि ते चालले. राष्ट्राध्यक्षांच्या बिछान्यापाशी मात्र ते गोंधळले. एक तर गादीखाली पोलादी तारा होत्या. दुसरे म्हणजे उपचार करणारे डॉक्टर ब्लिस यांनी गोळी उजवीकडे आहे असे आधीच ठरवून टाकले होते आणि त्याच बाजूला शोधू दिले. १९ सप्टेंबरला गारफील्ड गेले. शवविच्छेदनात गोळी कण्याच्या डावीकडे मिळाली. यंत्राला जे वाजायला लावत होते ते गादीखाली होते, आणि जे शोधायचे होते तिथे त्याला जाऊच दिले नव्हते. आवाज आणि मौन, दोन्ही साक्षी एकाच रुग्णाच्या अंगावर फसल्या, आणि त्याही यंत्रात खोट नसताना.

आता यंत्राआधीचे शोधक पाहू, कारण जमिनीत किंवा भिंतीत दडलेल्या धातूचे आकर्षण आपल्याकडे फार जुने आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत घराखालच्या ‘शल्या’चा, म्हणजे पुरून राहिलेल्या हाडाचा, लाकडाचा, लोखंडाचा विचार केला आहे. ते ओळखायची रीत मजेची. विचारणा चालू असताना घरधनी अंगाचा जो भाग खाजवील, वास्तुपुरुषाच्या त्या अवयवाच्या जागी शल्य आहे असे समजायचे. यजमानाचा देह हेच यंत्र! लोखंडाचे शल्य असेल तर शस्त्राचे भय सांगितले आहे. कुकटपल्लीत हजार चौरस फुटांच्या फ्लॅटमागे ढोबळ हिशेबाने साडेतीन-चार टन पोलाद भिंती, खांब आणि स्लॅबमध्ये पुरलेले असते; शल्याचा नियम शब्दशः लावला तर ते अख्खे उपनगर शस्त्रभयाने थरथरायला हवे. वास्तुसल्लागार त्यातून वाट काढतात, सळईला शल्य समजत नाहीत, आणि व्यवहार म्हणून ते शहाणपणाचेच आहे. पण नियमाच्या विरुद्ध चार टन पुरावा उभा राहिला तरी नियमाला ओरखडा उठत नाही, ही गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

मराठी मुलखात वराहमिहिराच्या यजमानाच्या जागी पायाळू येतो. पायाकडून जन्मलेल्या माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की भूमीतला ठेवा त्याला दिसतो, ही समजूत इतकी मुरलेली की ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात अंजनाने निधी दिसल्याचा दाखला सद्गुरूच्या महिम्यासाठी येतो. तिथे ती उपमा आहे, आणि उपमा म्हणून सुंदर आहे. उपमेचे जेव्हा कुदळ-फावडे होते तेव्हा काय होते, हे मराठवाडा आणि तेलंगणातल्या पडक्या देवळांचे उकरलेले गाभारे सांगतात. गुप्तधनासाठी नरबळी देण्यापर्यंत माणसे गेली, म्हणूनच महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या आणि पाण्याच्या शोधाच्या नावाने केलेल्या अघोरी कृत्यांचा स्पष्ट उल्लेख आला. त्याच वर्षी ऑक्टोबरात उत्तर प्रदेशातल्या डौंडिया खेडा गावात हजार टन सोने असल्याचे स्वप्न एका साधूला पडले आणि पुरातत्त्व खात्याने खोदायला घेतले. याची चेष्टा पुष्कळ झाली. पण स्वप्न एकटे नव्हते. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या उपकरणांनाही जमिनीखाली काहीतरी वेगळे जाणवले होते, आणि धातूची शक्यता त्यांच्या अहवालात होती. सोने काही निघाले नाही. तिथे फसली ती शब्द, म्हणजे दुसऱ्याचे सांगणे, आणि अनुमान यांची जोडगोळी: कानात स्वप्न घुमत असले की यंत्राचा कुठलाही चढउतार सोन्याचा वाटतो.

इथवर सगळे भिंतीचे आणि भूमीचे झाले. आता मूळ मुद्दा. आधुनिक नास्तिक म्हणतो, दुर्बिणीने आकाश धुंडाळले, सूक्ष्मदर्शकाने पेशी तपासली, देव आणि आत्मा कुठेच सापडले नाहीत. म्हणून ते नाहीत. दहाव्या-अकराव्या शतकाच्या उंबरठ्यावर मिथिलेच्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’च्या तिसऱ्या स्तबकात, म्हणजे प्रकरणात, नेमका हाच आक्षेप घेऊन उत्तर दिले आहे: जे दिसण्याजोगे आहे त्याचेच न दिसणे त्याच्या नसण्याचा पुरावा ठरते, ईश्वर दिसण्याजोगा नाही असे आम्ही म्हणत असताना त्याच्या न दिसण्याने काय सिद्ध होणार? सीपीव्हीसी पाइपावर यंत्र वाजले नाही म्हणून पाइप नाही म्हणू नका, एवढेच ते म्हणत आहेत. माझ्या मते हे उत्तर बिनतोड आहे. मात्र ते फुकट मिळत नाही, आणि त्याची किंमत आस्तिकाने क्वचितच मोजली आहे. यंत्राचे मौन माझ्याविरुद्ध धरू नका असे ज्याला म्हणायचे आहे, त्याने यंत्राचा आवाजही आपल्या बाजूने धरायचा नाही. एकदा साक्षीदार या खटल्यात बोलण्याजोगा नाही असे ठरले, की तो सोयीचे बोलला म्हणून त्याला पिंजऱ्यात बोलावता येत नाही.

आणि नेमके तेच सर्रास चालते. देवळाच्या गाभाऱ्यात ‘ऊर्जा’ जास्त भरते असे दाखवणारे दांडे-स्कॅनर, घराच्या ईशान्येला शुभ लहरी मोजणारी उपकरणे, मंत्राने पाण्याचे स्फटिक बदलल्याची छायाचित्रे. आज आस्तिकाच्या घरात उदयन कमी आणि डिटेक्टर जास्त आहे. यातली किती उपकरणे खरोखर काही मोजतात हा वेगळाच प्रश्न. इंग्लंडच्या जेम्स मॅककॉर्मिकने एडीई ६५१ नावाचे बाँबशोधक हातयंत्र इराकला विकले. मुळात ते गोल्फचा चेंडू शोधण्याच्या खेळण्यावरून घेतलेले, आत काम करणारे काहीही नाही, आणि बगदादच्या नाक्यांवर सैनिक ते हातात धरून उभे. २०१३ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. पाण्यासाठी तळहातावर नारळ ठेवून शेतात फिरणारा पाणाड्या आणि ते यंत्र यांच्यात फरक असेलच तर नारळाच्या बाजूने: नारळ निदान फोडून खाता येतो.

यावर तयार आक्षेप असा की मग दिसण्याजोगे नाही या दोन शब्दांच्या आड वाटेल ते लपेल. उद्या कोणी म्हणेल, सशाला शिंग आहे, फक्त ते दिसणारे नाही. उदयनांना हा आक्षेप पाठ होता आणि त्याच स्तबकात त्यांनी सशाचे शिंग घेतलेही आहे. शिंग म्हणजेच दिसणारी, हाताला लागणारी वस्तू. ते न दिसणारे म्हणाल तर शिंग हा शब्दच सोडून द्यावा लागेल. मी यात आणखी थोडी भर घालतो. लपलेल्या गोष्टीचा परिणाम दिसणाऱ्या जगात होतो असा दावा केला, की तो परिणाम तपासाच्या टप्प्यात येतो, गोष्ट भले न येवो. भिंतीत न दिसणारी बाधा आहे आणि तिच्यामुळे या घरात माणसे आजारी पडतात असे म्हणणाऱ्याला योग्यतेच्या कवचात बसता येत नाही. आजारी माणसे मोजता येतात, बाधेचे घर आणि शेजारचे घर ताडून पाहता येते. परिणामाची दक्षिणा घ्यायची आणि कारणाला मात्र तपासापासून सूट मागायची, हा दुटप्पीपणा. खुद्द उदयन असा दुटप्पी नाही. मौनाने आपला बचाव होतो, सिद्धी होत नाही, हे ओळखून त्याने ईश्वरासाठी पुढे स्वतंत्र अनुमाने मांडली आणि ती खोडली जाण्याचा धोका पत्करला. ती टिकतात की नाही यावर हजार वर्षे वाद चालू आहे. तो प्रामाणिक वाद आहे.

दुसरा आक्षेप भक्ताकडून येईल आणि तो अधिक जवळचा आहे. तुम्ही देवाला सळई समजून बोलता आहात. नरसिंह खांबातून आला की नाही? हैदराबादच्या परिसरात या प्रश्नाला वजन आहे. कुकटपल्लीची निम्मी माणसे वर्षातून एकदा तरी यादगिरिगुट्ट्याला जात असतील असे वाटावे इतकी त्या नरसिंहाची इथल्या घरांत ये-जा. कृष्णशिलेत नव्याने उभारलेले ते मंदिर मार्च २०२२ मध्ये दर्शनाला खुले झाले. आणि प्रल्हादाची कथा इथे संस्कृत भागवतापेक्षा पंधराव्या शतकातल्या पोतनाच्या तेलुगू भागवतातून जास्त ऐकली जाते. आपल्याकडेही नीरा-नरसिंहपूर आहे, अनेकांचे कुलदैवत आहे. कथा परकी नाही. तर ती नीट ऐकावी. हिरण्यकशिपू विचारतो, तुझा हरी या खांबात आहे का? हा डिटेक्टरचा प्रश्न आहे: इथे आहे की नाही? प्रल्हादाचे उत्तर खांबाबद्दल नसतेच. तो सर्वत्र आहे, म्हणून खांबातही आहे, असे तो सांगतो. राजाला एक ठिकाण हवे होते आणि पोराने ठिकाण या कल्पनेलाच हात घातला.

यंत्राच्या दृष्टीने या उत्तराचा अर्थ फार नेमका आहे. डिटेक्टरला वस्तू कळत नाही, फरक कळतो. भिंतीच्या एका बाजूला धातू आणि दुसऱ्या बाजूला नाही, एवढ्यावर त्याचा धंदा चालतो. गिलाव्याच्या आत सगळीकडे सारखी तारेची जाळी असेल तर तो एक तर अखंड ओरडत राहतो किंवा त्या जाळीवरच त्याचे शून्य लावले तर पूर्ण गप्प बसतो. दोन्ही वेळा त्याच्याकडून काहीही कळत नाही. जे सर्वत्र सारखे आहे ते कुठल्याच यंत्राला ‘सापडणार’ नाही, ते फार सूक्ष्म आहे म्हणून नव्हे, तर त्याची सीमा कुठेच लागत नाही म्हणून. हिरण्यकशिपूने खांबावर मूठ मारली ती याच जागी चुकली.

इथे चार्वाकाला शेवटचे बोलू द्यायला हवे, कारण त्याचा आक्षेप सर्वांत कठीण आहे. तो म्हणेल, जे कुठेच फरक पाडत नाही ते आहे म्हणणे आणि नाही म्हणणे यांत मग फरक काय उरला? मला वाटते, निम्मे तरी त्याचे मान्य करावे. वस्तूंच्या यादीत, सळई, वायर, पाइप यांच्या खाली, चौथी नोंद म्हणून असा देव नाही. आणि तसा तो आहे असे सांगून बोअरवेलची जागा, पुरलेले सोने किंवा परीक्षेचा निकाल त्याच्याकडून काढून घेणाऱ्याला त्याच्या नावाचा हक्क उरत नाही. उरलेले निम्मे मात्र चार्वाकाच्या हातून निसटते. ‘सर्वत्र आहे’ हे वाक्य यादीत नोंद वाढवत नाही; यादीतल्या प्रत्येक गोष्टीशी, कीड-मुंगीशी आणि शत्रूशीही कसे वागायचे ते बांधून टाकते. प्रल्हाद छळणाऱ्या बापासाठीही शेवटी क्षमाच मागतो. फरक पडतो तो पाहणाऱ्यात पडतो, आणि तो डिटेक्टरच्या वेटोळ्यात उमटत नसला तरी माणसाच्या वागण्यात उमटतो. तिथे चार्वाकाने खुशाल तपासावा आणि बहुतेक सर्वव्यापीवादी त्या परीक्षेत नापास होतील हेही सांगून टाकावे. मग जागृत देवस्थाने कशाला, यादगिरीला तरी का जायचे? श्रीवैष्णव आचार्यांनी याला अर्चावतार म्हटले: तिथे देव जास्त दाट आहे असे नव्हे, माणसाला सोपे पडावे म्हणून तो तिथे गाठीला थांबतो. उत्तर भक्ताचे आहे, नैयायिकाचे नाही. पण त्यात निदान लहरी मोजण्याचा दावा नाही.

आपल्याकडे याच प्रश्नाची उलटी कथा आहे, आणि ती औंढा नागनाथाची आहे, म्हणजे १९५६ पर्यंत ज्या मुलखाची राजधानी हैदराबाद होती तिथलीच. विसोबा खेचर शिवलिंगावर पाय ठेवून पडलेले, नामदेव चिडतात, विसोबा म्हणतात, म्हातारा आहे, तूच हे पाय उचल आणि जिथे देव नसेल तिथे ठेव. हिरण्यकशिपू आवाज शोधत होता, नामदेवांच्या वाट्याला मौन शोधण्याचे काम आले. भिंतीपाशी उभ्या असलेल्या सुतारासारखे ते रिकामी जागा धुंडाळतात, आणि पाय जिथे नेतील तिथे लिंग उभे राहते. अट इथे पुरी उलटली आहे: असण्याचा पुरावा कोणी मागत नाही, नसण्याची एक तरी जागा दाखव म्हणतात, आणि तशी जागा नामदेवांना मिळत नाही. सुताराला मिळते. कुकटपल्लीतला देव्हारा अखेर टांगला जातो तो यंत्र गप्प राहिले त्याच ठिकाणी.